ब्रेकचा ‘टक्’ सापडला, ‘चीं’ अजून बाकी

आवाज दोन आहेत. गाडी थांबता थांबता येणारी बारीक ‘चीं’, आणि रिव्हर्स घेऊन पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच येणारा ‘टक्’. आवाज कसा आहे यापेक्षा तो नेमका केव्हा येतो याची नोंद जास्त कामाला येते, हे माझं मत या कामात आणखी पक्कं झालं.

‘टक्’ दिशा बदलल्यावरच येतो. त्याच दिशेत दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तर काही नाही. म्हणजे कुठला तरी भाग सैल आहे, ब्रेकच्या ओढीने सरकतो आणि पुन्हा दिशा बदलेपर्यंत तिथेच टेकून राहतो. मोकळ्या जागेत अगदी चालण्याच्या वेगाने गाडी फक्त हँडब्रेकवर थांबवून पाहिली. माझ्या गाडीत तो मागच्या चाकांवर चालतो. आवाज गायब! संशय पुढच्या चाकांकडे सरकला: एकतर ब्रॅकेटमध्ये (पॅड धरून ठेवणारी चौकट) हलणारे पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे), नाहीतर लोअर आर्मचे बुश (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे रबरी सांधे). बुश पहारीने हलवून पाहिले, घट्ट आहेत.

मग डावं पुढचं चाक काढलं. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तारेने वर बांधून ठेवला, कारण होजवर (ब्रेक ऑइलची रबरी नळी) लोंबकळला तर होज आतून खराब होऊ शकतो.

खरं चित्र पॅड हातात आल्यावर दिसलं. बाहेरच्या पॅडचं मटेरियल सुमारे 7 मिमी, आतलं जेमतेम 4. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर स्लाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिन जाम झाली की आतला पॅड एकटाच झिजत राहतो. खालची पिन खरोखरच ओढून काढावी लागली: रबरी बूट फाटलेला, ग्रीस वाळलेलं, वर गंज. शिवाय ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिपांचा ताण गेला होता, त्यामुळे पॅडचे कान (ब्रॅकेटमध्ये बसणारी टोकं) खुळखुळत होते. ‘टक्’ तिथूनच येत होता.

पिन साफ केली; बूट आणि क्लिपा नव्या. ग्रीस सिलिकॉनचंच घ्या, साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं. धूळ हवेने न उडवता ब्रेक क्लीनरने ओली करून पुसली. बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळले, मॅन्युअलमधल्या आकड्याला. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप केलं. ही पायरी कुणीही गाळू नये.

‘टक्’ गेला. ‘चीं’ मात्र आहे. ब्रेक न दाबताही किणकिण येऊन दाबल्यावर बंद झाली असती, तर पॅडच्या झीज दाखवणाऱ्या पत्तीवर संशय घेतला असता. इथे उलट आहे, दाबल्यावरच येते. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालाय आणि डिस्कच्या कडेला ओठ (न झिजलेला उंचवटा) तयार झालाय. डिस्कची जाडी मायक्रोमीटरनेच मोजायची, व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) त्या ओठावर टेकून जास्त दाखवतो. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते, आधी ती वाचणार.

पुढचं काम: उजवं चाक उघडून तिकडच्या दोन्ही पिना तपासणं, आणि डिस्क मापात बसली तर एका अ‍ॅक्सलचे चारही पॅड एकदम बदलणं. धातूवर धातू घासल्यासारखी खरखर मधेच सुरू झाली, तर गाडी तिथेच उभी राहील.