खांब स्थिर, खेळाडू चल : मल्लखांब छायाचित्रणाची जुलै ते फेब्रुवारीची नोंद

गेल्या जुलैपासून मी दादरच्या एका व्यायामशाळेत आठवड्यातून दोन सकाळी मल्लखांबाचा सराव टिपते आहे. सरांची आणि पालकांची लेखी परवानगी घेतल्यावरच कॅमेरा बाहेर काढला. फ्लॅश पहिल्या दिवसापासून वर्ज्य ठेवला, कारण बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावरच्या गोलसर भागावर, एका पायाने तोल सांभाळणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर अचानक झोत पडणे सरळसरळ धोक्याचे आहे. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांतही फ्लॅशला मनाई असते ती याचसाठी. ऑटोफोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवाही बंद करायला हवा, हे मात्र माझ्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले.

जुलै आणि ऑगस्ट ट्यूबलाइटखाली गेले. पावसामुळे खिडक्या बंद असत आणि शटर १/८०० सेकंद उघडे ठेवून काढलेल्या सलग दहा फ्रेममध्ये काही उजळ, काही पिवळट, तर काही अंधाऱ्या येत. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे जुन्या चोकवरच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, आणि शटर त्या लाटेच्या ज्या टप्प्यावर उघडेल तसा फोटो येतो. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू केल्यावर शटर उजळ क्षणासाठी किंचित थांबू लागले आणि रंग स्थिरावले. पण तो किंचित थांबाच उडीत महागात पडतो, म्हणून उडी सुरू होण्याच्या जरा आधी बटण दाबायची सवय करावी लागली.

सप्टेंबरमध्ये फोकसचा खरा प्रश्न समोर आला. माझ्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीच्या लेन्सचे छिद्र एफ/१.८ इतके मोठे उघडून सहा मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ३५ सेंटिमीटर मिळते. खेळाडू खांबाभोवती फिरकी घेते तेव्हा तिचा चेहरा कधी खांबाच्या अलीकडे, कधी पलीकडे असतो, आणि ऑटोफोकस तिच्यामागे धावता धावता मागच्या भिंतीवर जाऊन बसतो. बरेच दिवस मी कॅमेऱ्याच्या मागोवा घेण्याच्या पद्धती बदलत राहिले. मग ध्यानात आले की मल्लखांबात खेळाडू फिरते, पण साधन जागचे हलत नाही. तेव्हापासून मी सराव सुरू होण्यापूर्वीच खांबाच्या मानेवर, म्हणजे बोंडाखालच्या निमुळत्या भागावर, फोकस घेते, तो हाताने कुलूपबंद करते आणि ती तिथे येण्याची वाट पाहते. जिम्नॅस्टिक्स टिपणाऱ्यांनाही हे बॅलन्स बीमवर जमेल, कारण १० सेंटिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवरून खेळाडूला फार इकडेतिकडे जाता येत नाही.

या पद्धतीचा मला अपेक्षित नसलेला लाभ असा की काय स्पष्ट ठेवायचे आणि काय धूसर होऊ द्यायचे, हे मी ठरवू लागले. अढी घातलेले, म्हणजे खांबाला विळखा घालून धरणारे पाय, खांबाला चिकटलेली मांडी आणि तेलाने चकाकणारे लाकूड स्पष्ट, तर मागे झुकलेला चेहरा मऊ, असा एक फोटो नोव्हेंबरमध्ये मिळाला. तो मला चेहऱ्याच्या सगळ्या फोटोंपेक्षा अधिक खरा वाटतो, कारण या खेळात जोर कुठे लागतो ते त्यात दिसते. सरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "अढी छान आली आहे, पण डाव्या पायाची बोटे बघा, सैल आहेत. हा तिला दाखवा, फळ्यावर लावू नका." तेव्हापासून निवड करताना मी प्रकाशाआधी पायाची बोटे पाहते.

डिसेंबरने प्रकाश दिला. थंडीत सूर्य आग्नेयेकडून उगवतो, आणि आमच्या व्यायामशाळेच्या त्याच बाजूच्या झरोक्यातून सकाळी साडेसातच्या सुमारास एक तिरपी तिरीप सुमारे वीस मिनिटे खांबावर पडते. त्या वेळी दोन ट्यूब बंद करायची सरांना विनंती केली आणि शरीराच्या उजळ कडेवरून प्रकाशाचे मापन करून बाकीचे अंधारात जाऊ दिले. एका मुलाने राळेची पूड लावून हात झटकले. मी तिरीपेच्या समोरच्या बाजूला उभी होते, त्यामुळे उडालेला प्रत्येक कण मागून उजळला आणि दोन तळव्यांच्या मधोमध क्षणभर सोनेरी ढग तरंगला. हाच ढग प्रकाशाच्या बाजूने उभे राहून टिपला, तेव्हा जवळपास दिसलाच नाही.

जानेवारीत वेगाचे गणित घातले. बोंडावरून उलटी उडी घेताना शिखरावर शरीराचा वर जाण्याचा वेग शून्य होतो. त्या क्षणाच्या १/१०० सेकंद आधी आणि नंतर शरीराच्या गुरुत्वमध्याची उंची अर्ध्या मिलिमीटरनेच बदलते. म्हणून धडासाठी १/२५० सेकंदाचा शटर पुरतो आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० वरून ३२०० वर आणता येतो. हातपाय मात्र त्याही क्षणी गरगरत असतात आणि थोडे पुसट येतात, जे मला आवडते. याउलट फिरकीसाठी तिपाईवर १/१५ ठेवला की खांब रेघेसारखा स्थिर राहतो आणि त्याभोवती शरीराचा वेल दिसतो.

२०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कात पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा मी प्रेक्षकांत मोबाइल घेऊन उभी होते आणि खांबाच्या मागच्या उजळ आकाशामुळे सगळ्या फोटोंत चेहरे काळवंडले होते. या फेब्रुवारीत मोकळ्या मैदानावरचा सराव टिपताना आकाश टाळण्यासाठी मागे झाडांची सावली येईल अशी जागा शोधली, आणि चेहरे वाचले.

दोरीचा मल्लखांब अजून हाती आलेला नाही. दोरी स्वतःच झुलते, त्यामुळे आधी पकडून ठेवलेला फोकस तिथे फसतो. सध्या छिद्र एफ/४ पर्यंत लहान करून स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ८० सेंटिमीटरपर्यंत वाढवली आहे आणि दोरीच्या झोक्याचे टोक जिथे येते त्याच्या खाली गादीवर चिकटपट्टीची खूण लावून त्या खुणेवर फोकस धरते आहे. पंचवीस फोटोंत चार जमले. त्यातल्या दोनांत पायाची बोटेही ताणलेली आहेत.