निवृत्तीचं शहर ठरलं, घर अडलं एका दाखल्यापायी

डोंबिवलीची जागा विकून कमी खर्चाच्या शहरात जायचं ठरवलं तेव्हा यादीत नाशिक, सातारा आणि कोल्हापूर होती. तिन्हीकडे आधी भाड्याने राहून पाहिलं, एकदा मेमध्ये आणि एकदा ऐन आषाढात. मेमध्ये टँकर किती वेळा येतो ते कळतं, आषाढात भिंतींची ओल. साताऱ्याची हवा झकास, पण तिथले चढ गुडघ्यांना विचारूनच पसंत करा. कोल्हापुरात निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा, शिवाय 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर आलं होतं ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

शहर ठरलं. अडलं पुढेच, आणि त्या पालिकेचं नाव मुद्दाम घेत नाही.

पुनर्विक्रीचा फ्लॅट, चौथा मजला. विकणाऱ्याच्या फाइलमध्ये सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचा भागदाखला, वीजबिल, घरपट्टीची पावती, सगळं होतं. नव्हतं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेची परवानगी असल्याचा दाखला. दलाल म्हणाला, "घरपट्टी लागलीय म्हणजे झालंच की!" झालेलं नसतं. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. मग एक ‘कम्प्लिशन’ पुढे आलं. ते निघालं वास्तुविशारदाचं पत्र. काम पुरं झालं असं त्याने पालिकेला कळवलं होतं, पालिकेने मान्य केल्याचा त्यात एक शब्द नव्हता. लेटरहेड कोणाचं आणि जावक क्रमांक कोणाचा, एवढं बघितलं तरी हा घोटाळा कळतो.

नगररचना विभागात चकरा सुरू झाल्या. "सोमवारी या." सोमवारी साहेब साइटवर. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. इथे चूक माझी: ‘इमारतीची सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहिलं. मुदत तीस दिवसांची, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं, ‘माहितीचा बोध होत नाही’. संताप झाला, पण त्यांना आयतं कारण मीच दिलं होतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यामुळे नेमकं लिहायला पर्यायच नाही.

नेमकं म्हणजे काय? बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख. ती विकणाऱ्याला ठाऊक नसते, पण बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारनाम्यात असते, मागच्या परिशिष्टांत प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करायच्या परवानगीची) प्रत जोडलेली असते तिथे. तो क्रमांक घालून दुसरा अर्ज केला आणि ‘या परवानगीअन्वये दिलेल्या पूर्ण व अंशतः भोगवटा प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती’ एवढंच मागितलं. प्रत मिळाली, पानाला दोन रुपये. भोगवटा अंशतः, तोही तिसऱ्या मजल्यापर्यंत! आपला मजला चौथा. व्यवहार तिथेच सोडला, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. म्हणून नुसता ‘दाखला आहे का’ असं विचारू नका, त्यावर विंग, मजला आणि फ्लॅट क्रमांक वाचा. इमारत महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, काळातली असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर आधी शोधा, बहुतेक चकरा वाचतील.

या थांबण्यात जुन्या घराच्या विक्रीचं घड्याळ चालूच असतं. घरविक्रीच्या नफ्यावर आयकराची सवलत (1961 च्या कायद्यात कलम 54) घ्यायची तर विक्रीपासून दोन वर्षांत नवं घर घ्यावं लागतं, आणि आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या खास कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. साध्या एफडीत ठेवली तर सवलत जाते. पेन्शनची काळजी मात्र नको: ईपीएफओची पेन्शन जानेवारी 2025 पासून कुठल्याही बँकेत मिळते, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हलवावा लागत नाही. आरोग्य विम्याचा झोन मात्र तपासा. काही पॉलिसींत लहान शहराचा हप्ता भरून मुंबईत उपचार घेतले, तर बिलाचा काही हिस्सा आपल्या खिशातून जातो.

आणि हो, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का ते टेप लावून मोजा. टोकनच्या पावतीवर ‘अमुक तारखेपर्यंत या फ्लॅटचा भोगवटा दाखला न दिल्यास पूर्ण रक्कम परत’ ही ओळ हाताने का होईना लिहून, खाली विकणाऱ्याची सही घ्या. दलालाची सही चालत नाही.