शेली फ्रॉम लेटन

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दादाने माळ्यावरचं खोकं आणून दिलं, त्यात ती कॅसेट निघाली. टीडीके ९०. लेबलवर आईच्या अक्षरात 'भजनं, आत्याकडची', त्यावर माझी काट, आणि वरच्या खाचेवर अजून सेलोटेपचा तुकडा, पिवळा पडलेला. खाच बुजवली की भरलेल्या कॅसेटवरही परत रेकॉर्ड करता यायचं. आईला कधी कळलं का, देव जाणे. ते जाऊ दे.

सईने हट्टच धरला म्हणून लावली. आधी खरखर, मग ड्रम्स, मिनिटाला १६० ठोक्यांच्या स्पीडने सुसाट, आणि खाली बेस मात्र निवांत, त्याच्या अर्ध्या चालीने. काटाच आला अंगावर. १९९४, कूल एफएम, ९४.५, लंडनमधलं विनापरवाना चालणारं पायरेट रेडिओ स्टेशन. आई विचारायची, कसलं गं हे जंगल लावलंयस, आणि मी म्हणायचे, जंगलच आहे आई, या संगीताचं नावच ते. तर चांगलं रंगात आलेलं आणि मधेच माइकवर ऐकणाऱ्यांची नावं घेणारा तो एमसी म्हणाला, "बिग अप शेली, शेली फ्रॉम लेटन." अमोलने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, असेल कोणीतरी. आणि उठून भांडी घासायला लागले.

शेली मीच, पूर्व लंडनमधल्या लेटनची.

जिन्यातल्या फोनची वायर दाराखालून ओढून घेतलेली, डोक्यावरून गोधडी, कितीतरी वेळा एंगेज लागल्यावर एकदाचा फोन लागला. पलीकडून नाव विचारलं आणि शर्वरी तोंडातून निघालंच नाही. का? दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. शाळेत हजेरी घेताना माझ्या नावापाशी बाई थांबायच्या, नुसत्या थांबायच्या, आणि मीच घाईघाईने 'येस मिस' म्हणायचे. पण फोनवर तर कोणी थांबलं नव्हतं, त्या माणसाने सरळ विचारलं होतं. पूर्व लंडनमध्ये किती घरांत, किती गाड्यांत ऐकू गेलं असतं माझं नाव, एकदाच, आणि ते मी कुणा शेलीला देऊन टाकलं. आजीने ठेवलेलं नाव. पंधरा वर्षांची होते, कबूल, पण वाईट वाटायचं ते वाटतंच आहे.

संध्याकाळी एकटीच मार्शेसकडे, त्या पाणथळ मैदानांकडे चालत गेले, तेव्हा मनात आलं, तिथे खरं नाव होतं तरी कोणाचं? स्टेशनला पत्ता नव्हता. १९९०च्या ब्रॉडकास्टिंग कायद्याने शिक्षा कडक झालेल्या, तुरुंगसुद्धा. ट्रान्समीटर टॉवर ब्लॉकच्या गच्चीवर, स्टुडिओ भलत्याच बिल्डिंगमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, दोन्हींच्या मधे मायक्रोवेव्हची लिंक, म्हणजे डीटीआयवाल्यांनी, सरकारच्या व्यापार-उद्योग खात्याने, गच्चीवरचा रिग, म्हणजे ट्रान्समीटरचं सामान, उचलून नेलं तरी माणसं हाती लागायची नाहीत. आणि डीजे स्वतःच्या खिशातून पैसे भरून वाजवायला यायचे. जंगलवाले गोल्डी, शाय एफएक्स, सगळी घेतलेलीच नावं. गायक यूके अपाचीसुद्धा. तो दक्षिण लंडनचा आपल्यासारख्या आशियाई घरातला मुलगा, त्याचा आवाज पहिल्यांदा रेडिओवर ऐकला त्या दिवशी मी खोलीत एकटीच नाचले होते. त्याला नाही कधी विचारावंसं वाटलं, खरं नाव का नाही लावलंस म्हणून. मग शेलीलाच मी का धरून बसलेय.

आणि तो ड्रम. जंगलमध्ये जिथे तिथे ऐकू यायचा तो सहा-सात सेकंदांचा तुकडा, १९६९ सालचा, अमेरिकेतल्या विन्स्टन्स बँडच्या रेकॉर्डवरचा. सॅम्पलरमध्ये घालून, चिरून, उलटसुलट जोडून पोरांनी त्यावर अख्खं संगीत उभं केलं. वाजवणारा होता ग्रेगरी कोलमन. त्याला त्यातली दमडी मिळाली नाही, २००६ साली गेला तेव्हा राहायला घर नव्हतं. त्याचा हात मी रोज रात्री कानाशी घेऊन झोपत होते आणि नाव कळलं ते पस्तिशी उलटल्यावर. याचं खरं तर जास्त वाईट वाटायला हवं, आज वाटलंही, पण फिरून गाडी शर्वरीवरच येते.

पुढच्याच वर्षी बीबीसीच्या रेडिओ वनवर जंगलचा कार्यक्रम सुरू झाला. आवाज स्वच्छ, खरखर नाही. आवडीने ऐकायचे, पण तिथे फोन करावासा कधी वाटला नाही. मग जंगलचंही ड्रम अँड बेस झालं, १९९७ला रॉनी साइझ आणि रेप्रझेंटला मर्क्युरी प्राइझ, ब्रिटनमधलं संगीताचं मोठं बक्षीस, मिळालं तेव्हा पेपरातही तेच नाव. चालतं की. शेलीने तरी काय केलं, मला रात्री अकराला फोन करायला धीर दिला. शर्वरीने केलाच नसता.

सगळे झोपल्यावर हेडफोन लावून परत ऐकली. त्या रात्री शेलीचं नाव घेतल्यावर थोड्याच वेळात स्टेशन गेलं होतं, गाण्याच्या मधेच, फस्स करून. रिग उचलला असणार. तेव्हा मला वाटलेलं, माझ्या खोट्या नावामुळेच झालं, आणि गोधडीत हातपाय गार पडलेले. रेकॉर्डिंग बंद करायचं सुचलंच नाही. मग आता नुसती खरखर, बरीच लांब. तीही ऐकत बसले, कॅसेट संपून बटण खट्टकन वर येईपर्यंत.