खिंडीत थांबू नका: वाऱ्याच्या दिवशी धारेवरून

या वाटेबद्दल बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण खिंडीत थांबायचं नाही, एवढं डोक्यात पक्कं बसवा. निघण्याआधी आम्ही जी वर्णनं वाचली, त्या सगळ्यांत खिंड म्हणजे ‘विश्रांतीला उत्तम जागा’. एकात तर जेवण तिथेच उरका असा सल्ला होता. वसंतातल्या वारं सुटलेल्या दिवशी तिथे बसणं राहू द्या, दोन पायांवर सरळ उभं राहता येत नव्हतं. ज्यांनी हे लिहिलं ते शांत हवेत गेले असणार, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांनी कुठे नोंदवलेली नाही. याचा मला अजूनही राग आहे.

वाट थोडक्यात अशी. पायथ्यापासून झाडीतून चढ, मग सोंडेने धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर, धारेवर पहिला उंचवटा, खिंड, दुसरा उंचवटा आणि पलीकडून उतार. एकूण १२ किलोमीटर, चढाई ९०० मीटर. ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा, हा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा हिशोब आजही बहुतेक जण वापरतात. त्या हिशोबाने ही वाट चार तासांच्या आत व्हायला हवी. आम्हा चौघांना जवळजवळ दुप्पट वेळ लागला. चौघेही नियमित डोंगरात जाणारे आहोत, त्यामुळे दमाचा प्रश्न नव्हता. सगळा वेळ वाऱ्याने खाल्ला.

झाडीतला टप्पा सुंदर आहे, वाट मळलेली आहे, चुकायला जागा नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त झाडी संपते तिथे थांबून वर बघा. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापात ७ क्रमांकाचा वारा म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटर, आणि त्याची खूण म्हणजे नुसत्या फांद्या न हलता अख्खी झाडं डोलू लागतात. झाडीच्या कडेलाच असं दिसलं, तर खिंड तुमच्यासाठी त्या दिवशी बंद आहे. तिथून परत फिरा. त्या जागेपासून परतणं सोपं आहे, पुढे ते तसं राहत नाही.

का राहत नाही ते सांगते, कारण आमची फसगत इथेच झाली. धारेचा पहिला भाग अशा दिशेला आहे की त्या दिवशीचा वारा आमच्या पाठीवर होता. पाठीवरचा वारा किती जोराचा आहे हे कळत नाही. उलट मजा येते, पाय आपोआप पडतात, गप्पा चालू राहतात. आम्ही पहिल्या उंचवट्यापर्यंत झरझर पोहोचलो आणि खूश होतो. तिथे धार वळते आणि तोच वारा अंगावर आडवा येतो. आता मागे फिरायचं तर तो सगळा वारा तोंडावर घेत चालायचं. म्हणून दिशा निवडायची मोकळीक असेल तर वारा तोंडावर घेऊन सुरुवात करा. न झेपल्यास परतताना तोच तुम्हाला ढकलत आणून सोडेल.

हवामानाच्या अंदाजात वारा ताशी ३० किलोमीटर दाखवला होता. तो आकडा खोटा नव्हता, पण तो पायथ्याच्या गावाचा होता. अंदाजातला वारा मोकळ्या सपाट जागेवर जमिनीपासून १० मीटर उंचीचा, आणि तोही सरासरीचा धरलेला असतो. डोंगर ओलांडताना हवा माथ्यावर दाबली जाते आणि वेग वाढतो, दीडपट ते दुप्पटही होऊ शकतो. खिंडीत दोन्ही उंचवट्यांमधून ती आणखी चेपून निघते, म्हणून धारेवरची सगळ्यात खोलगट जागा सगळ्यात वाऱ्याची ठरते. शिवाय अचानक येणारे झोत वेगळेच. अंदाजात ‘गस्ट’ म्हणून वेगळा आकडा असतो, तो बघा, आणि गावाऐवजी माथ्याच्या उंचीचा अंदाज उघडा. वसंतात ऊन चढलं की वरची वेगवान हवा खाली मिसळू लागते आणि दुपारी झोत वाढतात. खिंड सकाळी ओलांडली तरच या वाटेला अर्थ आहे.

आता तो टप्पा. पहिल्या उंचवट्यावरून खिंडीत उतरून दुसऱ्यावर चढेपर्यंत अंतर जेमतेम ६०० मीटर. एरवी दहा-पंधरा मिनिटांचं काम. आम्हाला तास लागला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३० चा वारा ६० झाला की धक्का चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा माणसाला साधारण १० किलो वजनाएवढ्या जोराने ढकलतो, आणि सॅकवर पावसाचं कव्हर असेल तर आणखी. आमच्यातल्या सगळ्यात हलक्या मैत्रिणीला एका झोताने दोन पावलं कड्याच्या बाजूला सरकवलं. मी तिच्या मागे होते. ओरडले, पण माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. त्यानंतर आम्ही धारेचा माथा सोडला आणि वारा जिकडून येत होता त्या बाजूने, माथ्यापासून चार-पाच मीटर खालून चाललो. झोताने ढकललं तरी तो चढाकडे ढकलतो, कड्याकडे नाही. सावलीच्या बाजूला अजून बर्फ शिल्लक होता आणि त्याची झालर कड्याबाहेर लोंबत होती. वरून ती जमिनीसारखीच दिसते, खाली काही नसतं. त्या बाजूला कुणीही जाऊ नये.

चालण्याची पद्धत: झोत आला की पाय फाकवून वाऱ्याकडे वळा, गुडघे वाकवा, थांबा. झोत ओसरला की पाच-सहा पावलं टाका. झोत चालू असताना पाय उचलू नका, कारण उचललेला पाय वारा दुसऱ्याच ठिकाणी नेऊन ठेवतो. काठी वारा जिकडे ढकलतो त्या बाजूला रोवा, ढकललं गेल्यावर तिच्यावर भार घेता येतो. दोन काठ्या असतील तर एक बंद करून सॅकच्या आत टाका, आडव्या वाऱ्यात ती पायात येते. कव्हर काढूनच ठेवा. आमच्यातल्या एकाचं कव्हर सुटून गेलं ते क्षणात दिसेनासं झालं. बोलायच्या खुणा आधी ठरवा: थांब, चल, मागे फिर. एवढ्या तीन पुरतात.

थंडीबद्दलही वर्णनांत चकार शब्द नाही. हवा ५ अंशांची आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ती उणे १ सारखी लागते. चढताना घामाने भिजलेला टी-शर्ट असेल तर हाल आणखी वाढतात. विंडचीटर, टोपी, हातमोजे हे सगळं पहिल्या उंचवट्याच्या आडोशाला, खिंडीच्या आधी अंगावर चढवा. खिंडीत गेल्यावर सॅक उघडायचं नाव काढू नका. खाणं-पाणीही त्याच आडोशाला उरका. छत्रीसारखा फुगणारा ढगळ पाँचो घरीच ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा किंवा गॉगल घालावा, वाऱ्याबरोबर बारीक खडी उडते.

दुसऱ्या उंचवट्यावर पोहोचलो तेव्हा आम्ही चौघे एकमेकांना घट्ट धरून नुसते हसत होतो. वरून दोन्ही बाजूंच्या दऱ्या एकदम दिसतात, हवा काचेसारखी स्वच्छ होती. त्या पाच मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन, हे आज पोटऱ्या दुखत असतानाही लिहिते आहे. पण ज्यांना कड्यालगत चालायची सवय नाही अशांना किंवा लहान मुलांना वाऱ्याच्या दिवशी इथे नेऊ नये. वर्णनांत ‘कुटुंबासह करता येईल’ असं आहे, ते शांत हवेपुरतं खरं माना.

उताराचं एकच. धारेवरून सरळ खाली जाणारी वाट घसाऱ्याची आहे, पायाखालची खडी सरकते आणि दमलेले गुडघे तिथे दगा देतात. उंचवट्याच्या आडोशाकडून, माथ्याच्या साधारण ३० मीटर खाली, एक आडवी पायवाट निघते. ती लांब पडते, पण वारा लागत नाही आणि पाय टिकतात. तिचं तोंड दोन मोठ्या खडकांच्या मधे आहे, वरून येताना पटकन दिसत नाही. खडक ओलांडून गेलात असं वाटलं तर मागे वळून बघा, खालच्या बाजूने ती स्पष्ट दिसते.