तुम्ही विचारलंत म्हणून : आप बाकचा वेढा

व्हिएतनामवर बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. ‘गनिमी कावा त्यांनी महाराजांकडूनच घेतला ना?’ परवा एका काकांनीही विचारलं. याला आधार मी बरीच वर्षं शोधला, सापडला नाही. शिवाय या प्रश्नात तिथल्या शेतकऱ्याचं स्वतःचं कर्तृत्व झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी आप बाकची लढाई सांगतो.

२ जानेवारी १९६३. आप बाक हे मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, मी थो शहराजवळचं खेडं. तिथे व्हिएतकाँगचा, म्हणजे दक्षिणेतल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांचा, रेडिओ असल्याचा सुगावा लागला आणि दक्षिण व्हिएतनामी सैन्याने तिन्ही बाजूंनी वेढा आखला. उत्तरेला हेलिकॉप्टरने उतरवलेलं पायदळ, दक्षिणेला सिव्हिल गार्ड ही निमलष्करी दलं, पश्चिमेला एम-११३ चिलखती गाड्या. पूर्वेला उघडी भातखाचरं. तिकडे कोणी पळालंच तर विमानं आणि तोफा टिपणार होत्या. आत होते साधारण साडेतीनशे जण.

ते पळालेच नाहीत. कालव्याच्या बांधावर, झाडीच्या आडोशाला त्यांनी खड्डे खणले होते. पाठीमागे पाण्याचा पाट, त्यातून होडीने दारूगोळा पुढे यायचा आणि जखमी मागे जायचे. हेलिकॉप्टरं टप्प्यात येईपर्यंत त्यांनी गोळी झाडली नाही. मग पाच हेलिकॉप्टरं निकामी झाली. कालव्यांत अडकत अडकत चिलखती गाड्या दुपारी पोचल्या, तर वर उघड्यावर उभे असलेले मशीनगनवाले एकामागून एक पडले. गनिमी कावा म्हणजे छापा घालून पसार होणं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. लोखंडी गाडी अंगावर येत असताना खड्ड्यात टिकून राहायला काय लागलं असेल, याचा विचार मी आजही करतो.

संध्याकाळी दक्षिण व्हिएतनामचे छत्रीधारी सैनिक आले. पूर्वेची वाट बंद करा, असा अमेरिकी सल्लागार जॉन पॉल व्हॅन यांचा आग्रह होता. दक्षिण व्हिएतनामी जनरल हुइन व्हान काव यांनी छत्रीधाऱ्यांना पश्चिमेला उतरवलं. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष झिएम यांना आपल्या सैन्याची हानी खपत नसे, हे त्यांच्या सेनापतींना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांचे सुमारे ८० सैनिक आणि ३ अमेरिकी मेले. व्हिएतकाँगचे १८.

रात्रीच्या अंधारात गनीम आपले जखमी घेऊन पूर्वेच्या त्याच वाटेने निघून गेले. दुसऱ्या दिवशी अमेरिकी जनरल हार्किन्स पत्रकारांना सांगत होते, की शत्रू सापळ्यात सापडलाय आणि अर्ध्या तासात सापळा बंद होईल.