खोक्यावरचा ससा

"काकू, ह्याच्यावर ससा आहे का?"

माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रबरबँड आणि आता अर्धी भिंत लिपस्टिकची. कॉलेजच्या मुली रंग बघायच्या आधी ससा शोधतात. ससा असला की प्राण्यांवर चाचणी झालेली नाही ना, हा त्यांचा खरा प्रश्न. खोक्यावरच्या ह्या सशाचा अर्थ काय, असं विचारलंत म्हणून सांगते.

ससाच का, तर 1944 मध्ये अमेरिकेत जॉन ड्रेझ ह्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या चाचणीत तोच असायचा. एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तुलनेला तसाच ठेवायचा आणि लाली, सूज, बुबुळावर येणारा पांढुरकेपणा दिवसचे दिवस टिपत बसायचं.

आपल्याकडे 2014 पासून प्रसाधनांसाठी अशा चाचण्या करायला बंदी आहे. प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं बाहेरून आणायलाही त्याच वर्षी बंदी आली. त्यामुळे देशी खोक्यावर 'क्रूएल्टी-फ्री' छापणं म्हणजे रिक्षावर 'आम्ही सिग्नल पाळतो' असं लिहिण्यासारखं. पाळायलाच हवा ना!

परदेशी मालाचं जरा गुंतागुंतीचं आहे. आयात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी चीनमध्ये वर्षानुवर्षं सक्तीची होती. मे 2021 पासून साध्या प्रसाधनांना अटी घालून सूट मिळाली. केसांचा रंग, सनस्क्रीन त्यात नाहीत. म्हणजे कंपनी तिकडे काय विकते, हेही बघायला लागतं. शिवाय ससा कुणीही काढू शकतं. 'लीपिंग बनी' ह्या प्रमाणपत्राचा उडी मारणारा ससा मात्र कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत चौकशी झाल्यावरच मिळतो. मी तेवढाच मानते.

परवा एकीने ससावाली लालभडक लिपस्टिक निवडली. "व्हीगन आहे ना? म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं काही नाही ना? मी अंडंसुद्धा सोडलंय." मी ह्यांचं पंचांग वाचायचं भिंग काढून तिच्या हातात दिलं. खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'सीआय 75470'.

"हे काय?"

"कारमाइन. निवडुंगावरचे किडे वाळवून काढलेला रंग. पेरू देशातून येतो."

"पण ससा आहे की!"

"सशावर तपासलेली नाही, एवढंच तो सांगतो. आत काय घातलंय ते नाही सांगत."

तिने तोंड वाकडं केलं, खोकं ठेवलं. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण ती भिंग घेऊन भिंतीपाशी गेली आणि एकेक खोकं उलटं करायला लागली. पाऊण तास. मागे दोघीजणी टिकल्यांसाठी ताटकळत उभ्या.