संत्र्याच्या रंगानं शिकवलेलं: आमची वाटचाल

नागपूरच्या महाल भागात, चितार ओळीपासून चालत पाच मिनिटांवर आमचं बोर्ड रंगवण्याचं दुकान आहे. बाबांनी ते 1981 साली सुरू केलं, तेव्हा आत एक स्टूल, इनॅमल रंगांचे डबे, टर्पेंटाइनची बाटली आणि भिंतीला टेकवलेले पत्र्याचे बोर्ड, एवढंच होतं. पत्र्यावर खडूच्या दोऱ्यानं दोन रेघा उठवायच्या, काठीवर मनगट टेकवायचं आणि अक्षर ओढायचं. बाबा शिरोरेषा आधी ओढत आणि मग अक्षरं तिला टांगत. सगळं नाव डोळ्यांत बसल्याशिवाय ब्रश रंगात बुडवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. इनॅमलचा फटकारा चुकला तर टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसता येतो, पण लगेच. उन्हाळ्यात नागपुरात तेवढीही सवड मिळत नाही.

मग फ्लेक्स आलं. आठ दिवसांचं काम दोन तासांत व्हायला लागलं. बोर्ड रंगवून घेणारी गिऱ्हाइकं दोन वर्षांत निम्म्यावर आली. 2006 साली कर्ज काढून मी कॉम्प्युटर घेतला आणि कोरल ड्रॉ हे अक्षरं-चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकलो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचे ब्रश मात्र रोज तेलात बुडवून ठेवत राहिले.

पुढच्याच वर्षी आम्हाला संत्रा बर्फीच्या डब्यांचं लेबल मिळालं. स्क्रीनवर मी असा केशरी रंग आणला की डोळे दिपावेत. गिऱ्हाइकानंही स्क्रीनवरच पाहून होकार दिला. दोन हजार लेबलं छापून आली ती विटकरी. त्यांनी ती घेतली नाहीत आणि ते बरोबरच होतं. नुकसान आम्ही सोसलं. त्या रात्री बाबा म्हणाले, ‘‘काचेमागच्या दिव्यावर कायले भरवसा ठेवतं? रंग कागदावर येऊ दे, मग पाह्य.’’

त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, तरी नेमकं तेच घडलं होतं. स्क्रीनवर रंग नसतो, उजेड असतो. लाल आणि हिरवा उजेड एकत्र आला की पिवळा दिसतो. तेच दोन रंग डब्यात मिसळले तर मातकट होतात. छपाईची शाई उजेड देत नाही, उलट कागदावरून परतणाऱ्या उजेडातला काही भाग गिळते. आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शायांना स्क्रीनवरचा तो झळझळीत केशरी गाठताच येत नाही. बाबा केशरी बनवताना पिवळ्यात थेंबाथेंबानं लाल घालत, लालात पिवळा कधीच नाही. मीही आता लेबलात पिवळा भरपूर ठेवतो आणि गुलाबी हळूहळू चढवतो. नमुना त्याच कागदावर छापून, दाराशी उन्हात धरून पाहिल्याशिवाय आमच्याकडचं एकही काम पुढे जात नाही.

मग पेन टॅबलेट घेतला, म्हणजे पेनानं रेघ ओढली की समोरच्या स्क्रीनवर उमटते अशी पाटी. तेव्हा हात टेबलावर आणि नजर समोर, हे जुळायला मला दोन महिने लागले. दाब ओळखणारी ती पेन रेघ जाड-बारीक करते, पण पत्र्याचा खरखरीतपणा बोटांना लागत नाही. खरा फरक मला निर्णयात वाटतो. ब्रशचा निर्णय रेघेच्या आधी घ्यावा लागतो. इथे रेघ ओढा, नको तर मागे घ्या, रंग वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर ठेवा, रात्रभर विचार करून सकाळी बदला. त्यामुळे काम सोपं होतं असं मात्र नाही. थांबायचं कुठे, हे ठरवणं फार अवघड होतं.

हेच लोकांपर्यंत पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझा पुतण्या एका गणपतीच्या चित्रावर सहा-सहा तास बसतो. हाताची बोटं, सोंडेचं वळण, डोळ्यांतला भाव, सगळं त्याला काढावंच लागतं. आणि समोरचा म्हणतो, ‘‘कॉम्प्युटरनंच तर काढलं, एवढे पैसे कायचे?’’ बाबांना अक्षरामागे पैसे मिळत, कारण लोक त्यांना उन्हात शिडीवर उभं पाहत. पुतण्याची मेहनत कोणाला दिसत नाही. म्हणून आता आम्ही कच्चं रेखाटनही गिऱ्हाइकाला दाखवतो. पेन्सिलनं काढलेलं, खोडलेलं, पुन्हा काढलेलं.

गेल्या दिवाळीआधी एका खानावळीची भिंत रंगवायला मिळाली. पुतण्यानं चित्र टॅबलेटवर काढलं, रंग तिथेच चार वेळा बदलून मालकांना दाखवले. मग आम्ही ते भिंतीएवढ्या कागदावर छापलं, रेघांवर टाचणीनं भोकं पाडली आणि कोळशाची पूड थोपटून भिंतीवर उतरवलं. ही रीत बाबांची. ब्रशही त्यांचेच होते, तेलातून काढून पुसलेले. खानावळीचं नाव मीच रंगवलं, शिरोरेषा आधी ओढून. बाबा समोरच्या ओट्यावर बसले होते. ‘ळ’चं पोट जरा बारीक झालंय, असं त्यांनी सांगितलं, आणि इनॅमल ओला होता तोवर मी ते सुधारलं.